पिवळ्या दिव्यांचा बार: पहिल्यांदा जाणाऱ्या सोलापूरकरांसाठी

सोलापुरात बार म्हटलं की डोळ्यासमोर दोनच चित्रं येतात. एक म्हणजे काळ्या काचांचं परमिट रूम. आत टीव्हीवर मॅच, टेबलावर खारे शेंगदाणे आणि कांदा-काकडी. दुसरं हायवेवरचं फॅमिली गार्डन, तिथे पोरं झोपाळ्यावर आणि बाप मंडळी कोपऱ्यातल्या टेबलावर. मी लिहितेय ते तिसऱ्या प्रकाराबद्दल. छोटी खोली, पिवळे बल्ब, जाड लाकडी काउंटर, भिंतीवर जुन्या फ्रेमा, कोपऱ्यात रेकॉर्ड प्लेयर आणि काउंटरमागे मन लावून संत्र्याची साल काढणारा एक पोरगा. इथे पेगही मिळतो, पण लोक येतात ते कॉकटेलसाठी. बारचं नाव मुद्दाम घेत नाही, जाहिरात करायची नाहीये. शिवाय खालचं सगळं पुण्या-मुंबईतल्या अशा बारलाही तितकंच लागू पडतं.

मी पहिल्यांदा गेले ती नवरा आणि मोठ्या नणंदेबरोबर. नवरा म्हणजे ‘लार्ज, सोडा, वर थोडं पाणी’ एवढ्या भांडवलावर वीस वर्षं काढलेला माणूस. नणंदबाई थेंबही घेत नाहीत. मी मधली. त्या संध्याकाळी तिघांनी मिळून करता येतील तेवढ्या चुका केल्या, त्यामुळे आता मला सल्ला द्यायचा अधिकार आहे असं मी समजते.

आधी कागदपत्रं, मग रोमान्स

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, आणि व्हिस्की, रम, जिन, व्होडका यांच्यासाठी २५. कॉकटेल बहुतेक या दुसऱ्या गटात बसतं. त्यामुळे तेवीस वर्षांच्या भाच्याला ‘चल की बे’ म्हणून सोबत नेऊ नका. त्याला नाही म्हणताना त्या बारवाल्याची पंचाईत होते. ओळखपत्र जवळ ठेवा, चेहऱ्यावर सुरकुत्या असल्या तरी.

शिवाय आपल्याकडे दारू प्यायलाही परवाना लागतो. अनेकांना हे माहीतच नसतं. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत बारमध्येच मिळतो, वर्षाचा शंभर रुपयांत आणि आजीवन हजार रुपयांत. शेवटचे दोन राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून घ्यायचे. त्या परवान्याचा मजकूर एकदा सावकाश वाचा. ‘आरोग्य राखण्यासाठी’ तुम्हाला दारूची गरज आहे, असं त्यात गंभीर चेहऱ्याने लिहिलेलं असतं. हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा वारसा. ‘परमिट रूम’ हे नावही तिथूनच आलं: ज्याच्याकडे परमिट, त्याने बसायची ती रूम.

या बारच्या सजावटीशी ह्याचा संबंध आहे, म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. त्या काळात दुकानामागे, तळघरात चोरून बार चालायचे. त्यांना म्हणायचे ‘स्पीकईझी’, म्हणजे हळू बोला, बाहेर ऐकू जाईल. आजचे जुन्या धाटणीचे बार नक्कल करतात ती बहुतेक याच काळाची: अंधुक उजेड, अरुंद दार, लपवल्यासारखी पाटी. आपल्या काळ्या काचांच्या परमिट रूममध्येही अंधुक उजेड, अरुंद दार आणि हळू बोलणं असतंच. दोन्ही एकाच घरातली भावंडं. एकाला परदेशी कोट मिळाला, दुसऱ्याला खाऱ्या शेंगदाण्याची बशी. हे लक्षात आलं की आत शिरताना बुजायला होत नाही.

कधी जायचं

शनिवारी नको. शनिवारी हा बारही मंडईच होतो आणि काउंटरमागच्या माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. पहिली खेप मंगळवारी किंवा बुधवारी, साडेसातच्या सुमारास. खुर्च्या मोजक्या असतात, फोन करून जागा सांगून ठेवा. फोनवरच विचारून घ्या की त्या दिवशी ड्राय डे तर नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे पाठ असतात, पण आषाढी एकादशी विसरली जाते. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाने ती विसरणं म्हणजे कमालच, पण आम्ही विसरलो होतो. बंद शटरपुढे दहा मिनिटं उभं राहून परत आलो आणि घरी साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

मे महिन्यात ४२-४३ अंशांतून आलात तर आधी थंड पाणी प्या आणि पंधरा मिनिटं नुसते बसा. तहान भागवायला कॉकटेल घेणं ही नवख्याची सगळ्यात मोठी चूक. तहान माठाने भागवायची.

आणि पोटात काहीतरी घालून जा. एक भाकरी, वाटीभर आमटी, एवढं पुरे. रिकाम्या पोटी दारू भराभर रक्तात उतरते. रक्तदाब, साखर, झोप यांच्या गोळ्या चालू असतील किंवा अँटिबायोटिकचा कोर्स असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बारमधल्या पोराला विचारण्यात अर्थ नाही.

कपड्यांचं विचाराल तर स्वच्छ असावेत, बाकी काही नाही. मी सुती साडीत गेले होते. कोणी वळून पाहिलं नाही. एसीच्या झोतात मात्र पाठ गारठली आणि आपल्या गावाच्या चादरीची आठवण झाली.

कुठे बसायचं

आम्ही सवयीने ‘फॅमिली सेक्शन कुठेय?’ असं विचारलं. तसा काही नसतो. तिघांपेक्षा जास्त असाल तर टेबल घ्या. दोघं असाल तर सरळ काउंटरच्या उंच स्टुलावर बसा. नवख्याला काउंटर नकोसा वाटतो, सगळे आपल्याकडेच बघतील अशी भीती वाटते. खरं तर तिथे बसलेल्याची पाठच लोकांना दिसते. आणि समोर जे चाललेलं असतं ते बघण्यातच अर्धे पैसे वसूल होतात.

फोटो काढायचा तर आपल्या ग्लासाचा काढा. मागे बसलेलं कुणी त्यात येणार नाही याची काळजी घ्या. सोलापुरात प्रत्येक माणूस कुणाच्या तरी मावशीचा दीर असतो.

मेनूकार्ड

मेनूकार्डावर वीस-पंचवीस परकी नावं असतात आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात न कळणारे घटक. आम्ही ते वाचायचं सोडून दिलं, किंमत पाहून मधलं काहीतरी मागवलं. पण हे कार्ड वाचायला इंग्रजी यावं लागत नाही. चव ओळखता यायला हवी, आणि ती तुम्हाला येते.

कॉकटेल म्हणजे काय, याचं सगळ्यात जुन्या छापील व्याख्यांपैकी एक उत्तर १८०६ सालचं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राला वाचकाने हाच प्रश्न विचारला होता. संपादकाने लिहिलं: कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. वर टोमणाही मारला की निवडणुकीला उभ्या राहणाऱ्यांना हे पेय फार उपयोगी, कारण ज्याने हे गिळलं तो नंतर काहीही गिळायला तयार होतो. दोनशे वर्षं उलटली तरी हा विनोद शिळा झालेला नाही.

बिटर्स म्हणजे मुळ्या, साली, मसाले दारूत मुरवून केलेला कडू अर्क. आजीने काडेचिराईत पाजलं असेल तर चवीची कल्पना येईल. प्रसिद्ध अँगोस्तुरा बिटर्स १८२४ मध्ये व्हेनेझुएलात एका डॉक्टरने औषध म्हणूनच बनवलं. ग्लासात दोन-तीन थेंबच पडतात, पण भाजीत हिंग पडावं तसं काम करतात.

आणखी एक नाव सतत दिसेल: व्हर्मूथ. ही वनस्पती मुरवलेली वाइन. ज्या झाडावरून नाव पडलं ते आपल्या दवण्याच्या जातकुळीतलं. जोतिबाला वाहतात तोच दवणा, त्याचं दूरचं भावंड. हे मला कळलं तेव्हा अर्धी भीती गेली. टॉनिक वॉटरमधला कडवटपणा क्विनाइनचा, म्हणजे एकेकाळच्या हिवतापाच्या औषधाचा. ‘पंच’ हे नाव तर आपल्या ‘पाच’ वरूनच गेलं असं मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला, हे पाच.

आता त्या वीस-पंचवीस नावांची मनातल्या मनात तीन घरं करा.

पहिलं घर आंबट-गोडाचं. दारू, लिंबू, साखर. डायकिरी म्हणजे रमचं लिंबू सरबत. त्याच सूत्राने व्हिस्की सावर, जिनची गिमलेट, ब्रँडीची साइडकार. ज्याला लिंबू सरबत आवडतं त्याने इथून सुरुवात करावी. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच. एक सावधगिरी: व्हिस्की सावरवर जो मऊ पांढरा फेस दिसतो तो पुष्कळदा कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच सांगा. काही जण त्याऐवजी उकडलेल्या छोल्यांचं पाणी वापरतात, त्यालाही छान फेस येतो.

दुसरं घर उंच ग्लासाचं. जिन-टॉनिक, टॉम कॉलिन्स, मोहितो. दारू तेवढीच, पण वर सोडा किंवा टॉनिक, त्यामुळे पेय जास्त वेळ पुरतं. ज्यांना हातात रिकामा ग्लास सहन होत नाही त्यांच्यासाठी हे घर.

तिसरं घर नुसत्या दारूचं, आणि इथेच गडबड होते. ओल्ड फॅशन्ड, मॅनहॅटन, मार्टिनी, नेग्रोनी. सरबत नाही, सोडा नाही, दारूत दारू. माझ्या नवऱ्याने नावाला भुलून मार्टिनी मागवली. छोट्या कळशीएवढी अपेक्षा होती, आली नाजूक देठाच्या ग्लासात चार घोट. “एवढंसंच?” म्हणाला आणि दोन घोटांत संपवली. मग दुसरी. तिसऱ्याला ताईंनी, म्हणजे नणंदबाईंनी, हात धरला.

हिशोब त्याला मी दुसऱ्या दिवशी समजावला, तुम्हाला आजच सांगते. नेग्रोनीत जिन, कँपारी (ही लाल, कडवट दारू) आणि गोड व्हर्मूथ प्रत्येकी ३० मिली. आपल्याकडची जिन ४२.८ टक्क्यांची धरा, कँपारी २५ टक्क्यांची, व्हर्मूथ १६-१७ टक्क्यांची. शुद्ध अल्कोहोल होतं सुमारे २५ मिली. ६० मिलीचा लार्ज व्हिस्की पेग घेतलात तरी तेवढंच होतं. म्हणजे ग्लास लहान असला तरी मोजायचा लार्जच. मार्टिनीत तर बहुधा ६० मिली जिन आणि वर व्हर्मूथ, ती लार्जच्याही पुढे जाते. बाई-पुरुष, सवयीचा-बिनसवयीचा, कुणीही असो, पहिल्या संध्याकाळी दोन कॉकटेल पुष्कळ झाली.

ऑर्डर कशी द्यायची

नाव उच्चारता येत नसेल तर बोट ठेवा, लाजू नका. त्याहून चांगलं म्हणजे नाव सोडून चव सांगा. मी दुसऱ्या खेपेला म्हटलं, “दादा, मला आंबट आवडतं, फार गोड नको, कडू थोडं चालेल, आणि जास्त चढणारं नको.” तो पोरगा एकदम खुलला. दोन प्रश्न विचारले: जिन चालेल का, आणि वेलची-आलं आवडतं का. पाच मिनिटांत जे पुढे आलं ते कार्डावर नव्हतंच. कैरीचं पन्हं आवडतं, कारल्याची भाजी आवडते, चिंच-गुळाची आमटी आवडते, हे सगळं सांगण्यासारखं आहे. सोलापुरात तो पोरगा मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी यांतल्या तीन भाषा तरी समजतोच.

पण पाचशे-सहाशे रुपयांच्या पेयाची किंमत विचारायला लाजू नका. कार्डाबाहेरचं काही बनवून घेणार असाल तर आधीच विचारा. हा बुजरेपणा आम्हाला महागात पडला होता.

‘बर्फ कमी घाल’ हे मात्र सांगू नका. आपल्याला वाटतं, बर्फ कमी म्हणजे दारू जास्त. तसं नसतं. दारू तो छोट्या मापाने मोजून घालतो, ३० म्हणजे ३०. बर्फ कमी असेल तर तो लवकर वितळून सगळं पांचट होतं. मोठा, एकच, काचेसारखा खडा असतो तो सावकाश वितळावा म्हणूनच. आणि पाणी शत्रू नाही. ढवळताना किंवा हलवताना बर्फाचं थोडं पाणी मुद्दाम पेयात उतरवतात, तयार ग्लासात साधारण पाव हिस्सा तेच असतं.

लिंबू, अंडं किंवा साय असलेलं पेय भांड्यात घालून जोरात हलवतात, नुसत्या दारूचं पेय लांब चमच्याने शांतपणे ढवळतात. हे बघत बसा. ताक घुसळणं आणि चहात साखर ढवळणं यांत जो फरक, तोच इथे. शेवटी तो संत्र्याच्या सालीचा तुकडा ग्लासावर चिमटतो, तेव्हा सालीतलं तेल वर उडतं. त्या क्षणी ग्लास नाकाजवळ न्या, मग प्या. देठाचा ग्लास देठानेच धरावा, हाताच्या उबेने पेय गरम होतं म्हणून. एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवायचा आणि गप्पा मारायच्या. अर्धा-पाऊण तास एका ग्लासाला द्यायचा. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी, मागूनच घ्या.

खाण्याचं थोडक्यात. झणझणीत काही मागवू नका. दारूने तिखट आणखी भडकतं आणि जीभ बधिर झाली की महागाचं पेय वाया जातं. खारवलेले काजू, पनीरचे भाजलेले तुकडे, चीज, शेंगदाणे. आपली शेंगाचटणी मला जीव की प्राण आहे, पण ती इथे नको, ती घरी दह्याबरोबर.

न पिणाऱ्यांसाठी, आणि डाळिंबासाठी

न पिणाऱ्या माणसाला या बारमध्ये आणायला कचरू नका. आणि त्याच्यापुढे नुसतं कोल्ड्रिंक ठेवू नका. बिनदारूची कॉकटेलं त्याच भांड्यात, त्याच निगुतीने बनतात. ताईंनी मागवलं ते जिंजर एल (आल्याच्या चवीचा गोड सोडा), लिंबू आणि ग्रेनेडिन. ग्रेनेडिन म्हणजे डाळिंबाचा गोड पाक, फ्रेंच भाषेत डाळिंबाला ‘ग्रेनाद’ म्हणतात त्यावरून. दारूबंदीच्या काळात कितीतरी अमेरिकन क्युबाला जाऊन प्यायचे, त्या क्युबातल्या रमच्या पेयांतही हा लाल पाक असायचा.

आता ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या बारमध्ये ग्रेनेडिन बाटलीतलं असावं ही मला शरमेची गोष्ट वाटते. बाजारातल्या पुष्कळ बाटल्यांत तर डाळिंब नसतंच, साखर आणि रंग असतो. विचारा: “पाक इथेच करता का?” ताईंनी विचारलं. उत्तर ‘नाही’ आलं. मग त्यांनी काउंटरवर कोपर टेकवून त्या पोराला कृतीच सांगितली: भगवा जातीच्या डाळिंबाचा एक वाटी गाळलेला रस, एक वाटी साखर, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत, उकळी फुटू द्यायची नाही, गार झाल्यावर दोन थेंब लिंबू, आणि फ्रिजमध्ये. पुढच्या खेपेला त्याने तसा पाक केला होता. पैसे मात्र पूर्ण घेतले.

बिल आणि परत येणं

बिलात खाण्यावर जीएसटी असतो, दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. दोन वेगळे आकडे दिसले म्हणून भांडू नका. ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो द्यायची सक्ती नाही, काढायला सांगता येतो. मी तो काढायला सांगते आणि काउंटरमागच्या पोराला हातात टीप देते.

गाडीचा विषय बिलाच्या वेळी काढला तर उशीर झालेला असतो. तो घरातून निघतानाच मिटवा. रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे. ती ओलांडून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही. आणि ‘मला काही चढत नाही’ म्हणणाऱ्याचं रक्त यंत्राला वेगळं सांगतं. आमच्याकडे गाडी ताई चालवतात, म्हणून त्या आल्या नाहीत तर आम्ही जातच नाही. तुमच्याकडे अशी ताई नसेल तर येताना ज्या रिक्षाने आलात त्याच रिक्षावाल्या मामांना सांगून ठेवा, साडेदहाला न्यायला या म्हणून. भाडं तेव्हाच ठरवा, आणि त्यांचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये घ्या, एकाची बॅटरी हमखास संपते.